बादलीचा अंदाज

“शेषरावभाऊ, वरण पार अळणी हाये हो!” चव घेताच सरपंचबाई ओरडल्या.

शेषराव आचाऱ्यानं कपाळावर हात मारला. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच इतकं खारट, की चाळीस वर्षांत त्यानं पंगतीच्या वरणात मीठ असं कधी घातलंच नव्हतं. आज मात्र त्यानं गायरानावरच्या नव्या यंत्राचं पाणी वापरलं होतं. सोलरवर चालणारं ते यंत्र खारं पाणी गोडं करतं. त्याच्याच उद्घाटनाला आलेले साहेब पंगतीत बसलेसुद्धा होते.

“मग टाका न मीठ!”

“किती टाकू? मले मिठाचा अंदाज नाही, बाई. मले बादलीचा अंदाज हाये.”

तो जुन्या विहिरीकडे पळाला. दोन बादल्या आणून वरणात ओतल्या, खळखळून उकळी आणली आणि वाढायला घेतलं.

साहेबांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. “वा! गोड्या पाण्यानं वरणाला काय चव आलीय! आता ती खारी विहीर उद्याच बुजवून टाका.”

शेषरावाच्या हातातली पळी वरणात बुडाली.

“उद्या नका, साहेब,” तो हात जोडून म्हणाला, “रविवारी माह्या पोरीचं लग्न हाये.”