तापवायचं राहिलं

घरात पाऊल टाकताच हेमांगीने पाण्याच्या निमित्ताने फ्रिज उघडला. चष्मा नव्हता. टीव्हीचा रिमोटही नव्हता. विसरण्याच्या आजारात माणसं असल्या वस्तू फ्रिजमध्ये ठेवतात, असं तिने मोबाईलवर वाचलं होतं. मधल्या फळीवर नुसतं एक झाकलेलं पातेलं. हातातलं बाजूला ठेवून तिने झाकण उचललं, वास घेतला, झाकण परत ठेवलं.

"सापडलं का?" मागून अप्पा म्हणाले.

"काय?"

"शोधत्येस ते."

एरवी ती उमेळे गावी वडिलांना, अप्पांना, भेटायला येई. आज तपासायला आली होती. गेल्या महिन्यात अप्पा गॅसवर दूध ठेवून वाडीत केळींना पाणी सोडायला गेले आणि दुधाचा कोळसा झाला. त्याच संध्याकाळी तिने सिलेंडर आणि शेगडी एव्हरशाईन कॉलनीतल्या आपल्या फ्लॅटवर नेली आणि अप्पांना डबा लावून दिला. अप्पा एकटे राहू शकतात की नाही, हे तिला आज ठरवायचं होतं. त्यांच्यासाठी फ्लॅटची मागची खोली रिकामी झाली होती. पडदेसुद्धा लावून झाले होते.

अप्पांनी पातेलं काढून दोन वाडगे भरले, वर कच्च्या तेलाची धार सोडली. लालभडक, दाट काहीतरी. हेमांगीने चमचाभर तोंडात घातलं. बर्फ.

"अप्पा," दवाखान्यात वापरतात तसल्या मऊ आवाजात ती म्हणाली, "सूप तापवायचं राहिलं हं."

"राहिलं नाही. हे गारच खातात."

"कोण खातं?"

"स्पेनमधली माणसं. उन्हाळ्यात."

हेमांगीने टेबलाखाली मोबाईल धरून नवऱ्याला मेसेज टाकला : अप्पा स्पेनला पोचले.

"टोमॅटो, काकडी, भोपळी मिरची, लसूण," अप्पा सांगत होते. "सगळं कच्चंच मिक्सरला लावायचं. कालचा पाव भिजवून त्यातच."

"शिळा पाव?"

"ताजा चालत नाही. सिरका शेजारच्या ॲंजेलाने दिला. तिचा मुलगा ज्युलियस बोटीवर कुक आहे ना, त्याने फोनवर शिकवलं."

"आणि हे तुम्हाला आत्ताच बरं सुचलं?"

"डब्यातली उसळ खाऊन कंटाळलो. ज्युलियसला म्हटलं, विस्तव न लागणारं काहीतरी सांग बाबा. शेगडी माहेरी गेल्येय."

हेमांगीने वाडगा चाटूनपुसून संपवला. चव चांगली होती, हे तिला फारसं आवडलं नाही.

निघताना तिने पर्स चाचपली. मग पर्स टेबलावर पालथी केली. कोचावरच्या उशा उचलल्या. बाहेर जाऊन स्कूटरच्या आसपास वाकून पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसत परत आली.

"अप्पा, माझी किल्ली कुठे टाकलीत तुम्ही?"

अप्पा शांतपणे वाडगे विसळत होते.

"फ्रिजमध्ये बघ. मधल्या फळीवर. पातेलं काढतानाच दिसली मला."

किल्ली चांगलीच गारठली होती. हेमांगी ती मुठीत धरून फ्रिजच्या उघड्या दारात उभी राहिली.

"दार लाव, गारवा जातो," अप्पा म्हणाले. "आणि घाबरू नकोस. जावईबापूंना मी काही सांगणार नाही."