रेंट्शने उठायचं नाही

रेंट्शने बुटांकडे पाय नेले, तशी इर्मेला मेर्टेन्सने त्याच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.

"बसा हो. फोल्कमार यायला अजून अर्धा तास आहे."

रेंट्श बसला. तीन दिवस तो बसूनच होता. खाऊन खाऊन त्याला कमरपट्टा दोन भोकं सैल करावा लागला होता.

रेंट्श हीटिंगचा मेकॅनिक होता. डिसेंबर लागल्यापासून या चार मजली घराच्या तळघरातला बॉयलर ऐन थंडीत रुसून बसायचा. खोल्या चौदा अंशांवर यायच्या आणि बिऱ्हाडकरू ओव्हरकोट घालून सूप प्यायचे. रेंट्श आला की मात्र बॉयलर गुणी बाळासारखा चालू. तो गेला की तासाभरात पुन्हा थंड. अशा चार खेपा झाल्या. त्याने पंप बदलला, पाइपातली हवा काढली, बाहेरच्या भिंतीवरची पांढरी डबीसुद्धा तपासली. तळघरात बसलेल्या बॉयलरला हवामान काय कळणार? बाहेर किती गारठा आहे हे ती डबी त्याला सांगते आणि तेवढाच तो तापतो. डबी इर्मेलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या डोक्यावर होती. डबीने उणे सहा सांगितलं. बाहेर उणे सहाच होतं.

पाचव्या खेपेला रेंट्श इरेला पेटला. कारखान्यात सगळे त्याला हसायला लागले होते. उरलेल्या रजेतले तीन दिवस टाकून त्याने इर्मेलाच्या सोफ्यावर ठाण मांडलं. बॉयलर डोळ्यांदेखत बंद पडल्याशिवाय उठणार नाही, असं त्याने जाहीर केलं. अर्थात बॉयलर बंद पडला नाही.

बॉयलर मेकॅनिकला घाबरतो, हे बिऱ्हाडकरूंनी मनोमन कबूल करून टाकलं. तोंडाने कुणी बोललं नाही, सगळी शिकलीसवरलेली माणसं. पण जिना झाडायच्या पाळ्यांच्या तक्त्याशेजारी दुसऱ्याच दिवशी रेंट्शच्या जेवणाच्या पाळ्यांचा तक्ता लागला. तिसऱ्या मजल्यावरून बटाट्याचं सूप आलं, चौथ्यावरून लोकरीच्या सपाता आल्या. बॉयलर कधी बंद पडतो याची रेंट्श वाट पाहत होता आणि तो पडू नये म्हणून अख्खं घर त्याला खाऊ घालत होतं.

इर्मेलाला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. फोल्कमार, तिचा नवरा, फुप्फुसाच्या दुखण्याने सहा आठवडे इस्पितळात होता. तो गेला त्याच आठवड्यात हीटिंगही बिघडलं, दुष्काळात तेरावा महिना. आज तो घरी यायचा होता. पण एकवीस अंशांची खोली मिळाली तरच राहायचा होता. नाही तर वृद्धाश्रमात त्याच्यासाठी पलंग तयार होता. त्याच्यावाचून हे घर तिला खायला उठत होतं.

तिने आपल्या परीने काही कमी केलं नव्हतं. त्याच्या छातीला चांगली हवा मिळावी म्हणून स्वयंपाकघराची खिडकी ती वरून चार बोटं कलती ठेवायची. कोंदट घरात माणूस नाही, बुरशी वाढते, असं तिचं म्हणणं. ओव्हन दिवसभर पेटलेला असायचा. आधी इस्पितळात न्यायच्या केकसाठी, मग हात शेकायला. फक्त पाहुणा आला की ती खिडकी लावून घ्यायची. पाहुण्याला झोतात कसं बसवायचं?

फोल्कमार आला. सोबत इस्पितळातल्या बाई होत्या. त्यांनी टेबलावर थर्मामीटर ठेवलं. बावीस भरले. इर्मेलाने सुटकेचा श्वास टाकला. मग बाईंनी सांगितलं की थर्मामीटर आठवडाभर इथेच राहील आणि रोजचे आकडे आपले आपण नोंदवेल. एवढं बोलून त्या गेल्या.

रेंट्शही उठला. त्याची रजा संपली होती, आणि गावात बाकीची घरंही गारठलेली होती.

"तुम्ही गेलात तर हा पण जाईल," इर्मेला म्हणाली.

फोल्कमार कोटातच खुर्चीवर टेकला होता. परक्या माणसाच्या पायांत लोकरीच्या सपाता का आणि तो गेल्यावर आपल्याला का जावं लागेल, हे त्याला काही केल्या उमगेना.

रेंट्शने दाराशी जाऊन बूट चढवायला घेतला. पाहुणा उठला, म्हणून इर्मेलाचा हात सवयीने खिडकीकडे गेला. तिने ती कलती केली, डोळे पुसले आणि रेंट्शचं जाकीट द्यायला दाराशी गेली. तिच्या मागे फोल्कमार भिंतीला धरत उठला. त्याने खिडकी लावली, वर पडदा सारला आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला.

एक बूट हातात तसाच धरून रेंट्श पाहत राहिला. त्याने ओव्हन पाहिला, खिडकी पाहिली, मग तिच्या डोक्यावरची, डबीच्या बाजूची भिंत पाहिली.

"हे तुम्ही नेहमी करता?"

"ती उघडून गेली की मी लावतो," फोल्कमार म्हणाला. "लग्न झाल्यापासून."

रेंट्श तिथेच जमिनीवर बसला. ओव्हनची वाफ कलत्या खिडकीतून सरळ त्या डबीला लागत होती, आणि डबी बॉयलरला सांगत होती की वसंत आला, झोप आता. त्याने ते सावकाश समजावून सांगितलं. इर्मेला कानापर्यंत लाल झाली. सहा आठवडे चार मजले तिने गारठवले होते. पण तिच्या मनात घर करून राहिलं ते निराळंच.

"चाळीस वर्षं," ती फोल्कमारला म्हणाली. "आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

फोल्कमारने श्वास गोळा केला.

"सांगितलं असतं, तर उघडी ठेवावी लागली असती."