सोवळ्याची घडी

जे पवित्र म्हणून जपावे, ते उघडून पाहण्याचेही धैर्य असावे. भोपाळच्या साकेत नगरातल्या घरात लोकर, पिसे, रेशीम खाणाऱ्या केसाळ अळ्यांमुळे तान्ह्या आशयच्या अंगावर चट्टे उठले होते. सून योगिनीने लोकरी कपडे उन्हात घातले, गालिचे झाडले, खिडकीतले कबुतराचे घरटेही काढले. उरले ते अच्युतरावांचे पूजेचे रेशमी सोवळे.

"बाबा, तेवढंच राहिलंय."

"त्याला शिवू नकोस! रेशीम सदा शुद्ध असतं."

"घाम तर मुरतोच ना त्यात? किडे तिथेच वाढतात."

आत बाळ कळवळून रडले. अच्युतरावांनी स्वतःच घडी उलगडली. अळ्या तिथेच वळवळत होत्या.

त्यांनी सोवळे सुनेच्या हाती दिले.

"साबणानं धू. देव नाक मुरडणार नाही. औक्षवंत व्हा, तू नि बाळ दोघंही."