यंत्रात धुतलेला ट्रक

ट्रक फाटकातून आत आला तेव्हा लख्ख चकाकत होता आणि त्याला साबणाचा वास येत होता, सफरचंदाचा. नेदकाच्या मनात पाल चुकचुकली.

तिचा नवरा झेल्यो लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा बादली घेऊन ट्रकखाली शिरलेला माणूस. शहरातल्या धुलाईयंत्राचं नाव काढलं की म्हणायचा, "आपल्या घोडीला खरारा कोणी शेजाऱ्याकडून करून घेतं का?" आणि आता महिनाभर दर शनिवारी ट्रक त्याच यंत्रात. यंत्राला लागून वेनेताची कॉफीची टपरी होती. वेनेता घटस्फोटित आणि हसली की गालाला खळी पडायची, एवढं गावात सगळ्यांना माहीत होतं.

समोर गल्लीत त्सोनामावशी चुलाणावर लोखंडी पिंप फिरवत हिवाळ्यासाठी तांबड्या मिरच्या भाजत होती.

"नेदके, तुझ्या नवऱ्याचा ट्रक आजकाल माझ्या सुनेपेक्षा जास्त नटतो गं!"

"दिसतंय मला, मावशी."

नेदकानं एप्रनला हात पुसले आणि ट्रकभोवती एक चक्कर मारली. यंत्राचे ब्रश आरशामागं पोचत नाहीत. तिथं रस्त्यावरच्या मेलेल्या माश्या तशाच चिकटल्या होत्या.

"हे बघ. घाण तशीच आहे."

"राहू दे," झेल्यो म्हणाला.

राहू दे? एका डागासाठी जेवण थंड करणारा माणूस म्हणतोय राहू दे! ती तडक केबिनमध्ये चढली. उशी उचलली, घोंगडी हुंगली, सीटखाली हात घातला. डिझेल, लसूण आणि तंबाखू. परका केस नाही, रुमाल नाही, काही नाही. त्यानं तर तिचा संशय आणखीच पक्का झाला. काहीच सापडत नाही, म्हणजे लपवणारा मुरलेला.

खाली उतरून तिनं बादली भरली, जुना ब्रश तीत बुडवला आणि बादली त्याच्या पायाशी आदळली.

"आरशामागचं तेवढं धू."

"थकलोय गं."

"टपरीवर बसताना थकत नाहीस!"

समोर पिंप फिरायचं थांबलं. झेल्योनं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आत चल. आत बोलू."

"का? इथंच बोल. वेनेता आहे ना?"



"हो," झेल्यो म्हणाला. "वेनेता."

इतक्या चटकन म्हणाला, जशी बुडत्यानं पुढं केलेली काठी धरावी. साधी बशी फोडली तरी मांजराचं नाव घेणारा माणूस हा. पण नेदकाचा राग विचार करायला थांबला नाही. तिनं बादलीतला ओला ब्रश उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला.

अंगावर काही आलं की हात आपोआप वर जातो. झेल्योचा उजवा हात कमरेपर्यंत आला, थरथरला आणि तिथंच राहिला. ब्रश कपाळावर बसला. फेसाचं पाणी नाकावरून ओघळलं.

नेदकानं पुढं होऊन तो हात धरला. बोटं गार होती आणि मिटत नव्हती. मागच्या कितीतरी जेवणांत त्यानं लाडं लाडं पाव तिच्याकडून मोडून घेतला होता. पापी नवऱ्याची लाडीगोडी, असंच ती समजली होती.

"कधीपासून?" तिनं अगदी हळू विचारलं.

"ऑगस्टपासून. एका सकाळी उठलो, तर असा."

"डॉक्टर?"

"डॉक्टर परवाना काढून घेतील. उजवीकडचा गिअर मी डावा हात पलीकडं नेऊन टाकतो."

"आणि स्टिअरिंग?"

"तेवढ्यापुरतं गुडघ्यानं धरतो." तिचा चेहरा बघून तो घाईघाईनं म्हणाला, "सोमवारी सलोनिकीला माल न्यायचाय, नेदके. कोणाला बोलू नकोस. बाहेरख्याली म्हणू देत मला, चालेल. लुळा म्हणायला नको."

सलोनिकीचा रस्ता खिंडीतून जातो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नदी, समोरून माणसांनी भरलेल्या बसगाड्या. आणि याचा गुडघा! नेदकाला त्याला बडवावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. यांतलं काहीच तिनं केलं नाही. तिनं त्याच्या खिशात हात घातला, ट्रकच्या चाव्या काढल्या आणि आपल्या पोलक्यात टाकल्या.

"चाव्या दे," झेल्यो कुजबुजला. "लोकांना काय सांगू? ट्रक का उभा आहे म्हणून विचारतील."

इतक्यात त्सोनामावशीला राहवलं नाही. चिमटा हातात धरूनच ती फाटकाशी आली. "काय गं? झाला का कबूल?"

"झाला!" नेदका अशी ओरडली की गल्लीच्या टोकाची कुत्री भुंकू लागली. "वेनेताच निघाली! आता सोमवारी काय नि पुढच्या सोमवारी काय, याच्या बापालासुद्धा चाव्या मिळायच्या नाहीत! घरात डांबून ठेवते मेल्याला!"

"शाब्बास माझ्या वाघिणी!"

बिचाऱ्या वेनेताची माफी नंतर मागता येणार होती. झेल्योनं बायकोकडे पाहिलं. मग रंगेहाथ सापडलेल्या नवऱ्यानं घालावी तशी त्यानं मान खाली घातली.

"चल आत, निर्लज्ज कुठला!" म्हणत नेदकानं त्याला सगळ्या गल्लीदेखत ढकलत घराकडे नेलं. तिनं त्याचा उजवा दंड धरला होता, तो लोंबतोय हे कोणाला दिसू नये इतका घट्ट.