आत्या, उतरा

कोयनानगरच्या वाटेवर, घाटात, गाडीचं मागचं चाक पार बसलं. संयोगितानं सपाट जागा बघून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाला दगड लावला आणि नट ढिले केले. आता जॅक लावायचा, तर सासूबाई गाडीतच!

"आत्या, उतरा. आत माणूस असताना गाडी उचलायची नसती."

"मी न्हाई उतरायची," शालूबाई म्हणाल्या.

"आवं, जॅक सटकला तर?"

"सटकू दे."

संयोगितानं झाडाची सावली दाखवली, नणंदेकडं बारशाला उशीर होतोय म्हणून बजावलं. शालूबाईंनी पुढची सीट दोन्ही हातांनी आणखी घट्ट धरली. शेवटी संयोगिता रडकुंडीला आली. "एवढा राग हाय का माझ्यावर?"

शालूबाईंनी खिडकीतून दरीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "सकाळी तुला लय टाकून बोलले गं. आता मी उतरले आन् तू मला हितंच सोडून गेलीस तर?"

संयोगिताला हसू आवरेना. तिनं गाडीची चावी काढून सासूच्या हातावर ठेवली. तेव्हा कुठं शालूबाई उतरल्या आणि चावी पदराच्या गाठीला बांधून सावलीत जाऊन उभ्या राहिल्या.

चाक बदलून झालं, नट आवळून झाले. हात पुसत संयोगिता म्हणाली, "द्या आता चावी."

शालूबाई आधी गाडीत बसल्या, दार लावून घेतलं, पट्टा बांधला आणि मगच गाठ सोडायला लागल्या.