कोरडी जर्सी

हॉलच्या मागच्या नळाखाली त्याने आपली जर्सी धरली. आधी पाठ भिजवली, मग छाती, मग काखा. पिशवीतून मिठाची पुडी काढली आणि चिमूट चिमूट मीठ ओल्या कापडावर चोळलं. आत अजून टाळ्या वाजत होत्या. कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ आणखी एक सामना जिंकला होता, आणि तो आणखी एकदा बाकावर बसून राहिला होता.

नुसत्या पाण्याने बाबा फसले नसते. घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं लाँड्रीचं दुकान होतं. कपड्यावर डाग दिसला की ते ओलं बोट त्यावर घासत आणि जिभेला लावत. चहा, सरबत, घाम, सगळं त्यांना जिभेवर कळे. संघाच्या जर्सी त्यांच्याकडेच धुवायला येत, आणि ते गाठोडं खांद्यावर टाकून घरी आणायचं काम मुलाचं होतं.

हंगामाच्या पहिल्या सामन्यानंतर गाठोडं सोडता सोडता बाबांनी विचारलं होतं, काय, पळालास का? त्याच्या तोंडून 'खूप' निघून गेलं. एवढा एकच शब्द. पण मग तो निभावणं आलं.

संघ जिंकत राहिला. जिंकणाऱ्या संघाला हात लावायचा नाही, हे सरांचं तत्त्व. इतरांना निदान कुणी घोटभर पाणी पिऊन येईपर्यंत तरी खेळायला मिळे. त्याला तेवढंही नाही. पोरं त्याला राखणदार म्हणत. बाक चोरीला जाऊ नये म्हणून कॉलेजने याला ठेवलाय, असं कप्तान नव्या माणसाला आवर्जून सांगे. तोही हसे. हसून हसून गाल दुखत.

संध्याकाळी दुकानात मात्र वेगळंच जग असे. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असे आणि वाफ छतापर्यंत चढे. दोऱ्यांवर चादरी टांगलेल्या असत. बाबा इस्त्री फिरवत आजच्या खेळाचं विचारत आणि तो सांगू लागे. कप्तानाने मारलेली उडी तो स्वतःची म्हणून सांगे. दोन चादरींच्या मधून वाकून निसटे, मोज्यांचा गोळा उंच धरे आणि कोपऱ्यातल्या टोपलीत अलगद सोडून देई. वाफेत चादरी हलत, जणू समोरच्या संघाचे उंच गडी. सांगता सांगता त्याचं त्यालाच खरं वाटू लागे. पाय हलके होत. जमीन जराशी खालीच राहून जाई. बाबांची इस्त्री मध्येच थांबे. 'मग?' एवढंच ते म्हणत. तो आणखी सांगे.

मीठ तो घरच्या बरणीतूनच नेई. घरात दोघंच. पूर्वी ती बरणी वरच्या फळीवर डब्यांच्या मागे असायची, सहज हाताला लागायची नाही. हंगाम सुरू झाल्यापासून ती खाली ओट्यावर आली होती. कितीही मीठ काढलं तरी बरणी भरलेलीच असे. त्याला कधी नवल वाटलं नाही. घरातल्या बरण्या आपोआप भरतात, असंच त्या वयात वाटतं.

अंतिम सामन्यालाही पुडी पिशवीत होती. सामना संपत आला, संघ एका गुणाने मागे होता, आणि कप्तानाचा घोटा मुरगळला. सरांनी बाकाकडे पाहिलं. बाकीचे दमून माना टाकून बसले होते.

"ऊठ," सर त्याला म्हणाले. "वर्षभर विश्रांती झालीये तुझी."

तो आत गेला आणि सगळे आवाज लांब गेले, वाफेपलीकडून यावेत तसे. समोरचे उंच गडी हलत होते. तो त्यांच्यामधून वाकून निसटला, परत आला, पुन्हा निसटला. मोज्यांच्या गोळ्यापेक्षा चेंडू कितीतरी जड होता. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला, कोपरांवरून बोटांत गेला. शेवटी बास्केटचं कडं अगदी डोक्यावर आलं. त्याने चेंडू उचलला. घामाने ओल्या झालेल्या हातांतून तो साबणाच्या वडीसारखा सटकला. शिट्टी वाजली.

कप्तान लंगडत आला, त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग तो हात आपल्याच चड्डीला पुसला.

"भिजलास की रे, राखणदारा," तो म्हणाला.

घरी जाताना तो नळाजवळ थांबला नाही.

दुकानात पातेलं उकळत होतं. त्याने गाठोडं खाली ठेवलं. चादरींकडे पाहिलं नाही, टोपलीकडेही नाही.

"हरलो, बाबा. चेंडू माझ्याच हातून सुटला."

आधीच्या सामन्यांचंही त्याला आजच सांगून टाकायचं होतं. पण तो गाठोड्याची गाठच सोडत राहिला.

बाबांनी गाठोड्यातून त्याची जर्सी काढली. ओलं बोट गळ्यापाशी घासलं, जिभेला लावलं. क्षणभर डोळे मिटले. मग ते आत गेले. ओट्यावरची बरणी उचलल्याचा, आणि ती वरच्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी इस्त्री हातात घेतली, पण फिरवली नाही.

"आज मीठ बेताचं पडलंय," बाबा म्हणाले. "वर्षभर जरा हात सैल होता तुझा. हं, मग?"