समुद्राचे दोन कॅन

पिंपाचं झाकण पुन्हा बोटभर सरकलेलं होतं. सासूबाईंनी ते दाबून बसवलं आणि सुनेकडे रोखून पाहिलं.

"माझ्या पाण्याला हात लावलास?"

"नाही आई. मी नळाचंच पिते."

शहराच्या नळाला तीन वर्षांपासून सांडपाणी शुद्ध करून सोडलं जात होतं. सून त्याच प्रकल्पात केमिस्ट होती. "समुद्राचं असो नाहीतर गटाराचं, गाळणी तीच, आई. उलट खारं पाणी गोड करायला वीज कितीतरी जास्त लागते."

"गटार ते गटार," सासूबाई म्हणायच्या. पस्तीस वर्षं नर्स होत्या त्या. त्यांच्यासाठी सासरे रोज सकाळी बंदराजवळच्या डेपोतून समुद्राच्या गोड केलेल्या पाण्याचे दोन कॅन आणत.

सहा महिन्यांपूर्वी सून घरात आली आणि पाण्याची चव बिघडली, हे सासूबाईंचं ठाम मत. पिंप ओतून ही बाई नळाचं भरते, दुसरं काय! शेवटी त्यांनी उकळलेल्या बाटलीत नमुना घेतला आणि ओळखीच्या प्रयोगशाळेत नेला.

"समुद्राचं पाणी गोड केलं तरी त्यात थोडं बोरॉन उरतंच," तंत्रज्ञ म्हणाला. "यात जवळपास नाहीच. हे नळाचं. पण सिस्टर, पाणी एकदम उत्तम आहे हं."

शेवटचं वाक्य त्यांनी कानाआड केलं.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी रिपोर्ट आपटला. "फसवून गटार पाजलंस मला!"

सून पांढरीफटक पडली. "आई, शपथ घेते, मी नाही."

मुलगा बायकोची बाजू घेऊन भांडला. सासऱ्यांनी पेपरात डोकं आणखी खुपसलं. "जाऊ दे गं," एवढंच पुटपुटले.

रविवारी मुलगा आणि सून भाड्याच्या घरात राहायला गेले. दारातून सून म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या, आई."

सोमवारी सासऱ्यांना ताप भरला. सासूबाईंनी कॅन उचलले.

"अगं, राहू दे," ते घाईघाईने उठून बसले. "उद्या आणतो की मी."

"पडा गुपचूप," म्हणत त्यांनी बस गाठली.

डेपोच्या शटरवर गंज चढला होता. शेजारच्या सायकल दुरुस्तीवाल्याने मान वर केली.

"तो बंद होऊन दोन वर्षं झाली, मावशी." मग त्याने कॅन पाहिले आणि हसला. "अरे, हे तर काकांचे! आज आले नाहीत? रोज माझ्याशी बुद्धिबळाचे दोन डाव खेळतात, आणि निघताना माझ्याच नळावर कॅन भरून नेतात."